नेटफ्लिक्स टॉप १० ते रॉटन टोमॅटोज: विज्ञानकथा मालिकांचे आकडे देणाऱ्या सेवा कितपत भरवशाच्या?

नवी विज्ञानकथा मालिका आली की आठवड्याभरात दोन आकडे सगळीकडे फिरायला लागतात: किती लोकांनी पाहिली आणि समीक्षकांनी किती टक्के दिले. हे आकडे पुरवणारी पानं फुकट आहेत, कुणालाही उघडून बघता येतात. पण प्रत्येक सेवा वेगळीच गोष्ट मोजते आणि वाचणारा मात्र सगळ्यांना एकाच तागडीत टाकतो. विज्ञानकथेला याचा फटका जास्त बसतो. या प्रकारात पहिले दोन-तीन भाग नवं जग, त्याचे नियम आणि त्यातली माणसं उभी करण्यात जातात. त्यामुळे मालिका किती जणांनी सुरू केली यापेक्षा किती जणांनी शेवटपर्यंत नेली, हा खरा प्रश्न असतो. नेमकं तेच कुठलीही सेवा थेट सांगत नाही. हाती आलेल्या आकड्यांतून ते आपल्यालाच काढावं लागतं.

या कामासाठी सगळ्यात उपयोगी आहे ते नेटफ्लिक्सचं टॉप १०. नोव्हेंबर २०२१ पासून ते चालू आहे. दर मंगळवारी आधीच्या सोमवार ते रविवारचे आकडे येतात. इंग्रजी मालिका, इतर भाषांतल्या मालिका आणि तशाच चित्रपटांच्या दोन, अशा चार जागतिक याद्या असतात. प्रत्येक सीझनची नोंद वेगळी होते. जुन्या आठवड्यांचा सगळा डेटा फाइल म्हणून उतरवून घेता येतो. देशवार याद्यांत मात्र फक्त क्रमांक मिळतो. एखाद्या देशात मालिका तिसरी आली म्हणजे किती लोकांनी पाहिली, हे त्यावरून अजिबात कळत नाही.

जून २०२३ पासून इथला मुख्य आकडा ‘व्ह्यूज’चा आहे. एकूण पाहिलेले तास भागिले सीझनची लांबी, एवढंच ते गणित. आठ तासांचा सीझन ८ कोटी तास पाहिला गेला, तर व्ह्यूज झाले १ कोटी. पण १ कोटी लोकांनी सीझन पूर्ण पाहिला तरी उत्तर १ कोटी, आणि २ कोटी लोकांनी तो निम्म्यावर सोडला तरी १ कोटीच. पहिल्या बाबतीत मालिका जिंकली, दुसऱ्यात ती हातातून गेली, आणि यादीत दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

दुसरा घोटाळा पहिल्या आठवड्याचा. मालिका गुरुवारी आली तर तिचा पहिला ‘आठवडा’ चारच दिवसांचा असतो. ‘३ बॉडी प्रॉब्लेम’ २१ मार्च २०२४ ला, गुरुवारी आली. पहिल्या आठवड्यात १.१ कोटी व्ह्यूज, दुसऱ्यात १.५६ कोटी. बातम्यांत ही वाढ म्हणून छापली गेली. दिवसाचा हिशेब केला तर पहिल्या आठवड्यात रोज २७.५ लाख आणि दुसऱ्यात रोज सुमारे २२.३ लाख, म्हणजे जवळजवळ १९ टक्के घट. आता हेच गणित ‘१८९९’ला लावून बघा. तीही गुरुवारीच आली, १७ नोव्हेंबर २०२२ ला. तेव्हा यादी तासांत असायची: पहिल्या चार दिवसांत सुमारे ७.९ कोटी तास, पुढच्या सात दिवसांत सुमारे ८.८ कोटी. यादीकडे पाहून कुणालाही वाटेल, मालिका चढतीवर आहे. रोजचा आकडा मात्र १.९८ कोटीवरून १.२६ कोटीवर आला होता. ही घट ३६ टक्क्यांची. २ जानेवारी २०२३ ला निर्मात्यांनीच मालिका पुढे होणार नसल्याचं जाहीर केलं. याउलट ‘३ बॉडी प्रॉब्लेम’ची गोष्ट पूर्ण करण्याचा निर्णय नेटफ्लिक्सने मे २०२४ मध्ये सांगितला.

खर्च, करार, निर्मात्यांचं वजन हे सगळं अशा निर्णयांत असतंच. दोन मालिकांवरून नियम बांधता येत नाही. सगळे भाग एकदम सोडलेल्या मालिकेत थोडी घट होणारच, ती नैसर्गिक आहे. पण पहिल्या आठवड्याचा क्रमांक बघून आनंद किंवा शोक करण्यापेक्षा दोन आठवड्यांचा दिवसागणिक आकडा काढणं केव्हाही बरं. हिशेबाला दोन मिनिटं लागतात. फक्त तुलना करताना दोन्ही मालिका एकाच वारी आल्या होत्या ना, आणि सगळे भाग एकदम आले होते ना, हे आधी तपासा.

टॉप १० मधून मालिका बाहेर पडली की तिचा आठवड्याचा माग संपतो. तिथून पुढे नेटफ्लिक्सचा सहामाही अहवाल कामाला येतो. पहिला अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि त्यात १८ हजारांहून जास्त नावं होती. हळूहळू पसरणाऱ्या जुन्या विज्ञानकथा मालिका शोधायच्या तर हाच उत्तम, कारण इथे पहिल्या दहांची अट नाही.

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन या अमेरिकी कंपनीची साप्ताहिक यादी त्रयस्थ आहे, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. मालिका कुठल्याही कंपनीची असो, मोजणारा एकच. पण ती फक्त अमेरिकेपुरती आहे, टीव्हीच्या पडद्यावर पाहिलेलंच धरते, आणि साधारण महिन्याभराने प्रसिद्ध होते. तिचं एकक आहे मिनिटं, आणि एका नावाखालचे सगळे सीझन एकत्र मोजले जातात. त्यामुळे साठ भागांची जुनी मालिका आठ भागांच्या नव्या मालिकेच्या वर दिसली तर त्यात नवल काही नाही. मिनिटांना लांबीने भागल्याशिवाय ही यादी वाचूच नये. ‘फॉलआउट’चं उदाहरण घेऊ. एप्रिल २०२४ मध्ये आठही भाग एकदम आले आणि पहिल्या पाच दिवसांत नील्सनने २९० कोटी मिनिटं नोंदवली. भाग सरासरी तासाभराचा धरला तर सीझन ४८० मिनिटांचा. भागाकार येतो ६० लाखांच्या आसपास. पाच दिवसांत, एका देशात, फक्त टीव्हीवर, साठ लाख पूर्ण सीझनांइतकं पाहणं! हा आकडा खरोखरच दणदणीत आहे.

त्याच मालिकेसाठी ॲमेझॉनने स्वतः सांगितलेला आकडा होता १६ दिवसांत ६.५ कोटी प्रेक्षक. हे जगभरातले, आणि मोजलेत ‘प्रेक्षक’, व्ह्यूज नाहीत. किती वेळ पाहिलं की प्रेक्षक धरायचा, हे कळल्याशिवाय हा आकडा दुसऱ्या कशाशीही ताडून बघता येत नाही. कंपन्यांच्या पत्रकांत हीच अडचण पुन्हा पुन्हा येते. जून २०२४ मध्ये डिस्नीने ‘द अ‍ॅकोलाइट’साठी पहिल्या दिवशी ४८ लाख आणि पाच दिवसांत १.११ कोटी व्ह्यूज जाहीर केले. व्याख्या नेटफ्लिक्ससारखीच: पाहिलेला वेळ भागिले लांबी. पण त्या पाच दिवसांत दोनच भाग उपलब्ध होते. आठ तासांच्या भाजकाशेजारी दोन भागांचा भाजक ठेवला की तुलना तिथेच मोडते. ॲपल तर आकडाच देत नाही. २०२५ च्या सुरुवातीला ‘सेव्हरन्स’ ही आपली सर्वाधिक पाहिलेली मालिका ठरल्याचं कंपनीने सांगितलं, पण किती पाहिली ते नाही. अशी पत्रकं मालिकेला पुढचा सीझन मिळेल का, याचा अंदाज घेण्यापुरतीच वापरावीत.

आता समीक्षेकडे. समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत, आणि तरीही बहुतेक जण ती परीक्षेतल्या गुणांसारखीच वाचतात. किती टक्के समीक्षकांचा कौल ‘चांगली’ असा आहे, एवढंच ती सांगते; ६० किंवा वर असेल तर लाल टोमॅटो, खाली हिरवा डाग. वीस समीक्षकांनी पाचपैकी तीन तारे देऊन ‘बघायला हरकत नाही’ म्हटलं तर इथे १०० टक्के येतात. दुसऱ्या मालिकेला चौदा जणांनी पाचपैकी पाच आणि सहा जणांनी दोन दिले तर इथे ७० टक्के. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ गुणांची सरासरी काढतं, तिथे पहिलीला ६० आणि दुसरीला ८२ मिळतील (तिथे काही समीक्षकांचं वजन जास्त धरलं जातं, ते इथे सोडून दिलं आहे). विज्ञानकथा बऱ्याचदा या दुसऱ्या जातीची असते. धाडस करते, कुणाला भारून टाकते, कुणाच्या डोक्यावरून जाते. म्हणून या प्रकारासाठी मेटाक्रिटिक जास्त न्याय देतं, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही पानं शेजारी उघडून फरक बघणं सगळ्यात चांगलं. रॉटन टोमॅटोजवर ९५ आणि मेटाक्रिटिकवर ६८ असेल तर मालिका सर्वांना चालणारी पण थंड. उलट रॉटन टोमॅटोजवर ७५ आणि मेटाक्रिटिकवरही ७५ च्या आसपास असेल, तर तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत.

टक्केवारीबाबत आणखी दोन गोष्टी. समीक्षकांना बहुतेक वेळा प्रदर्शनाआधी सीझनचे सुरुवातीचे काही भागच मिळतात. शेवट कोसळला तरी सीझनच्या आकड्यात ते फारसं उतरत नाही. आणि पुढच्या सीझनांवर लिहिणारे समीक्षक कमी असतात, कारण ज्यांना पहिला आवडला नाही ते दुसऱ्याकडे फिरकत नाहीत. चौथ्या सीझनचे १०० टक्के पंधरा-वीस परीक्षणांवर उभे असू शकतात. टक्क्यांखालची परीक्षणांची संख्या आधी वाचा.

प्रेक्षकांच्या कौलात सगळ्यात जास्त गाळ आहे. ‘द अ‍ॅकोलाइट’ला रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांनी सुमारे ७८ टक्के दिले आणि प्रेक्षकांचा कौल २० च्या खाली होता. मालिकेत दोष होतेच, पण इतका फरक फक्त दोषांनी पडत नाही. टोळीने येऊन सगळ्यात कमी गुण देणाऱ्यांनी ‘अ‍ॅकोलाइट्स’ या २००८ च्या, काडीचाही संबंध नसलेल्या चित्रपटालाही नावसाधर्म्यामुळे झोडपलं. आधी पाहिलं आणि मग मत दिलं, असं हे झालंच नाही. मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली.

आयएमडीबी या चित्रपट-मालिकांच्या माहितीच्या संकेतस्थळावर हाच त्रास आहे, पण तिथे एक कामाची गोष्ट मिळते: भागवार गुण आणि प्रत्येक भागाला किती मतं पडली तो आकडा. गुण सोडा, मतांची संख्या बघा. पहिल्या भागाला ४० हजार आणि शेवटच्याला ३० हजार मतं असतील तर लोक टिकले. ४० हजारांवरून १२ हजार झाले तर कुठल्या भागानंतर ओघ आटला, हेही दिसतं. अपवाद एकच, गाजलेल्या शेवटच्या भागाला मतं अचानक उसळतात, म्हणून उपान्त्य भाग धरावा. किती जणांनी मालिका शेवटपर्यंत नेली, याचा सामान्य वाचकाला मिळणारा हा सगळ्यात जवळचा माग आहे.

या सगळ्या सेवांत न दिसणारी एक गोष्ट म्हणजे हक्क. ‘द एक्सपान्स’चा तिसरा सीझन रॉटन टोमॅटोजवर १०० टक्क्यांवर होता, आणि तो चालू असतानाच, मे २०१८ मध्ये, सायफाय वाहिनीने मालिका सोडली. वाहिनीकडे फक्त अमेरिकेतल्या पहिल्या थेट प्रक्षेपणाचे हक्क होते. नंतर सवडीने स्ट्रीमिंगवर बघणारे कितीही वाढले तरी तिच्या पदरात काही पडत नव्हतं. चाहत्यांनी ॲमेझॉन स्टुडिओजवरून फलक लावलेलं विमान उडवलं, महिना संपायच्या आत ॲमेझॉनने मालिका घेतली, आणि आणखी तीन सीझन होऊन ती ६२ भागांवर संपली. पाचव्या सीझनच्या शेवटच्या भागाला २०२२ चा ह्यूगो हा विज्ञानकथेचा मानाचा पुरस्कार मिळाला. म्हणून कुठल्याही मालिकेचे आकडे उघडण्याआधी ती कुणी बनवली, कोण दाखवतं, आणि तुम्ही ज्या जागी ती बघता तिथून त्या दाखवणाऱ्याला काही मिळतं का, एवढं शोधून ठेवा.