सिग्नल: सोसायटीत समविचारी शोधायचे, पण नाव न फुटता

पुनर्विकासाला एवढ्या घाईने होकार का, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी) कुठे गुंतवलाय, लिफ्टचं कंत्राट दर वर्षी त्याच माणसाला कसं मिळतं, कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनाच नोटीस का. जिन्यात या प्रश्नांवर कुजबुज चालते आणि सर्वसाधारण सभेत मात्र सगळे मान खाली घालून वेफर्स खातात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारावं, तर विचारणाऱ्याच्या कपाळावर शिक्का बसतो. मग पार्किंगच्या सोडतीपासून एनओसीपर्यंत तो शिक्का त्याला नडत राहतो.

कायद्यात वाट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 76 प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर विशेष सर्वसाधारण सभा एका महिन्याच्या आत बोलवावी लागते. 60 सभासद असतील तर 12 सह्या. अर्ज दिला की नावं उघड होणारच, तो अर्जच तसा असतो. धोक्याचा काळ म्हणजे पहिला माणूस आणि बारावा माणूस यांच्यामधले काही आठवडे. तेवढ्या काळापुरतं सिग्नल हे मेसेजिंग ॲप किती कामाचं, एवढंच इथे पाहिलं आहे. स्टिकर, कॉलचा दर्जा वगैरे सोडून दिलं आहे.

आमचे गुण पाचपैकी चार. एक कापला तो एका सेटिंगसाठी. ते आहे तसं राहू दिलं तर निदान सोसायटीच्या आत तरी लपलेलं काहीच राहत नाही.

व्हॉट्सॲपवर वेगळा छोटा ग्रुप काढला तर काय बिघडलं, असं कोणी विचारेल. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच मेसेज वाचता न येणं, तिथेही आहे. घात करतो तो नंबर. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि आपल्याकडे नंबर म्हणजे जवळजवळ ओळखपत्र. तो यूपीआय ॲपमध्ये टाकला की एक रुपयाही न पाठवता बँकेतलं नाव समोर येतं. ट्रूकॉलर आहेच. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर झाकलेले असतात, पण तो ग्रुप घोषणांसाठी आहे, आपसात बोलण्यासाठी नाही. टेलिग्राम नंबर लपवू देतं, मात्र त्याचे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. त्याची 'सीक्रेट चॅट' फक्त दोघांपुरती आहे. बारा जणांचं काम तिथे होत नाही.

सिग्नल मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि ते देणग्यांवर चालणारी ना-नफा संस्था चालवते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन मागणीला उत्तर देताना सिग्नल तेव्हा चालवणाऱ्यांकडून देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्शन कधी झालं. सोसायटीच्या भांडणात न्यायालय मध्ये येण्याची शक्यता कमीच. पण सिग्नलकडे माहिती साठलेलीच नाही, हे इथेही बरंच.

फेब्रुवारी 2024 मध्ये सिग्नलने युजरनेम आणलं आणि या कामासाठी ते खऱ्या अर्थाने वापरण्याजोगं झालं. नोंदणीला फोन नंबर अजूनही लागतो, एसएमएसवर कोड येतो. पण दुसऱ्याशी जोडलं जाताना नंबर द्यावा लागत नाही. युजरनेम 3 ते 32 अक्षरांचं, इंग्रजी लिपीत, शेवटी टिंब आणि किमान दोन आकडे. त्यात फ्लॅट नंबर, जन्मसाल, गाडीचा नंबर घालू नका. लोक हमखास घालतात. युजरनेमची कुठेही यादी नसते. पूर्ण अचूक टाइप केलं किंवा त्याचा क्यूआर कोड वा लिंक वापरली तरच माणूस सापडतो. ते हवं तितक्या वेळा बदलता येतं. बदललं की जुनी लिंक निकामी होते आणि चालू चॅट तशाच राहतात. चॅटमध्ये मात्र समोरच्याला युजरनेम दिसत नाही, प्रोफाइलचं नाव दिसतं. ते देवनागरीतही चालतं आणि एकमेव असण्याची अट नाही.

आता त्या कापलेल्या गुणाकडे. सेटिंग्ज, प्रायव्हसी, फोन नंबर असं आत गेलं की दोन प्रश्न दिसतात. माझा नंबर कोणाला दिसावा, आणि नंबरावरून मला कोण शोधू शकेल. पहिल्याचं उत्तर मुळातच 'कोणालाही नाही' असं असतं. दुसऱ्याचं मुळात 'सर्वांना' असतं, आणि बहुतेक जण पहिलं पाहून निश्चिंत होतात. पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर आधीच सेव्ह आहे, त्याच्यापासून पहिलं सेटिंग काहीच लपवत नाही. अनोळखी लोकांच्या जगात हे चालून जातं. सोसायटीत सेक्रेटरीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये तुम्ही 'कुलकर्णी बी 402' म्हणून बसलेले असता. प्रोफाइलला नाव काहीही द्या, त्यांच्या पडद्यावर तुम्ही कुलकर्णी बी 402 म्हणूनच उगवू शकता. दोन्ही उत्तरं 'कोणालाही नाही' केल्याशिवाय ग्रुपच्या लिंकला हात लावू नका. दुसरा पर्याय पहिला बंद असेल तरच बंद करता येतो, म्हणून क्रम तोच ठेवा. नव्याने खातं उघडणाऱ्यांना नोंदणीच्या वेळीच हा प्रश्न दिसतो. तिथेच बंद केलं तर 'अमुक सिग्नलवर आले' ही सूचनाही शेजाऱ्यांना जात नाही. ज्यांचं खातं जुनं आहे त्यांनी एक ध्यानात घ्यावं: ज्यांच्याशी आधीच सिग्नलवर बोलणं झालंय, त्यांच्याकडची ओळख यामुळे पुसली जात नाही.

काही जण यासाठी वेगळं सिम घेतात. चालेल, पण ते रिचार्ज करून जिवंत ठेवायची तयारी हवी. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि त्या नव्या मालकाने सिग्नल टाकलं की तुमचं खातं गेलं. सिम एक असो वा दोन, सिग्नलचा पिन आणि 'रजिस्ट्रेशन लॉक' (पिनशिवाय त्या नंबरावर पुन्हा नोंदणी होऊ न देणारं सेटिंग) लावून ठेवावं. इंटरनेटवर मिळणारे फुकट नंबर तर नकोच. तो नंबर तुमच्यासारखे आणखी शंभर जण वापरत असतात.

प्रोफाइल फोटो ठेवू नका. ठेवायचाच असेल तर व्हॉट्सॲपवरचा गणपती इथे नको. स्टोरीज पूर्ण बंद करा, सेटिंग्जमध्ये तसा पर्याय आहे. नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दोन्ही बंद करा. नाहीतर सभेत फोन टेबलावर उपडा ठेवायचा विसरलात की शेजारची खुर्ची सगळं वाचते. घरातल्या लॅपटॉपवर सिग्नल जोडलं असेल तर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन यादी तपासा. कॉल करणार असाल तर प्रायव्हसीच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात कॉल नेहमी सर्व्हरमार्गे नेण्याचा पर्याय आहे, त्याने आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, समोरच्याला कळत नाही. आवाज थोडा अडखळतो. पण आवाजावरून शेजारी ओळखतोच, त्यामुळे कॉल आणि व्हॉइस मेसेज टाळलेलेच बरे.

ग्रुप काढताना नावात सोसायटीचं नाव घालायचं नाही, आणि 'पुनर्विकास विरोधी मंच' वगैरे तर मुळीच नाही. ग्रुपची लिंक उघडणाऱ्याला आत येण्याआधीच ग्रुपचं नाव, फोटो, वर्णन आणि सभासदसंख्या दिसते. लिंक कमिटीच्या हाती पडली तर निदान 'सुगरण' नावाच्या ग्रुपमधून तिला काही कळू नये. लिंक मुळात बंद असते. ती चालू करताना 'नवे सभासद मंजूर करा' हेही चालू करायचं आणि सभासद जोडण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवायचा. ॲडमिन दोन हवेत, शक्यतो वेगवेगळ्या विंगमधले. एकच असेल आणि त्याचा फोन हरवला तर ग्रुप अडकून पडतो. लिंक जरा जास्तच फिरली असं वाटलं की रीसेट करायची, जुनी लगेच मरते. नव्याने आलेल्याला आधीचे मेसेज दिसत नाहीत. इथे त्याचा फायदाच आहे, सहा आठवड्यांची चर्चा एका फितुराच्या हाती एकदम लागत नाही.

हे सगळं करूनही ग्रुप फुटतात, आणि फुटतात ते माणसांमुळे. मंजुरीसाठी आलेल्या विनंतीत ॲडमिनला फक्त प्रोफाइलचं नाव दिसतं, आणि नाव कोणीही काहीही ठेवू शकतं. म्हणून आत घेण्याचा एकच भरवशाचा रस्ता: समोरासमोर. ज्या सभासदाने नवा माणूस सुचवला त्यानेच त्याला भेटायचं, क्यूआर कोड प्रत्यक्ष स्कॅन करायचा, आणि जोडल्यावर दोघांच्या फोनवरचा 60 आकडी 'सेफ्टी नंबर' (मध्ये तिसरं कोणी नाही हे पडताळायचा आकडा) जुळवून पाहायचा. ही भेट क्लबहाउसमध्ये नको, तिथे कॅमेरा आहे. लिफ्टमध्येही असतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला दोन शेजारी बसले तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. याला वेळ लागतो. आठवड्याला दोन-तीन माणसंच वाढतील, आणि तोच वेग बरा.

दुसरी गळती कागदांची. मेंटेनन्सचं बिल पुरावा म्हणून टाकताना वर फ्लॅट नंबर आणि नाव असतं हे उत्साहात विसरलं जातं. सिग्नलच्या फोटो-संपादकात धूसर करण्याचं साधन आहे. चेहऱ्यांना ते ठीक. अक्षरांवर मात्र जाड ब्रशने काळं फासा, कारण धूसर केलेले आकडे कधी कधी ताडता येतात. पीडीएफवर काळा चौकोन टाकून भागत नाही, खालचा मजकूर तसाच राहू शकतो. आधी तिचा फोटो करा, मग झाका. फोटो 'फाइल' म्हणून पाठवू नका, मूळ फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते. आणि खिडकीतून काढलेला गळक्या टाकीचा फोटो! कोनावरून विंग आणि मजला वॉचमनही सांगेल.

तिसरी, लिहिण्याची लकब. दर मेसेज 'नमस्कार सभासदहो' असा सुरू करणारे, सगळ्यांना माहीत असलेले एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. टोपणनावाने त्यांचं काही झाकलं जात नाही.

स्क्रीनशॉट कोणतंही ॲप थांबवू शकत नाही. अँड्रॉइडवरचं 'स्क्रीन सिक्युरिटी' हे तुमच्याच फोनपुरतं आहे, आणि दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची मुदत काही सेकंदांपासून 4 आठवड्यांपर्यंत ठेवता येते, आमच्या मते एक आठवडा योग्य. तासाभराची ठेवली तर ज्येष्ठ सभासदांना काही वाचायलाच मिळत नाही आणि ते फोन करून विचारतात, म्हणजे पुन्हा नंबर आला. त्याच वेळी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात चॅटपेक्षा कागद बोलतो. कमिटीला दिलेलं पत्र, त्यावरची पोच, सभेची नोटीस, हिशेबपत्रकाची प्रत हे सगळं ग्रुपच्या बाहेर, कोणीतरी एकाने फाइलमध्ये लावून ठेवायचं.

टोपणनाव म्हणजे काहीही लिहायची मुभा, असंही नाही. 'चेअरमनने पैसे खाल्ले' हे पुराव्याशिवाय बारा जणांच्या ग्रुपमध्ये लिहिलं तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा प्रश्न उभा राहू शकतो, आणि बारापैकी एक फोन समोर आला की तो मेसेज त्यात असतो. 'अमुक खर्चाचं व्हाउचर दाखवा' असं लिहा. पुढे अर्जातही तीच भाषा लागणार आहे.

रोजच्या वापरात सगळ्यात त्रासाची गोष्ट भलतीच निघते. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली सिग्नल मागे बंद केलं जातं आणि मेसेज तासन् तास येत नाहीत. फोनच्या ॲप सेटिंगमध्ये सिग्नलची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करायची, आणि 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू करायचं. जोडताना प्रत्येकाच्या फोनवर हे तिथल्या तिथे करून द्या. सिग्नल अधूनमधून पिन विचारतं, तेव्हा घाबरून ॲप काढून टाकणारेही असतात. त्यांना आधीच सांगून ठेवावं.

कोणाला हे लागणार नाही? 12-14 घरांची जुनी इमारत असेल तर नाहीच. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि तीन सह्यांसाठी जिना चढणं पुरेसं आहे. साधारण 40 घरांच्या पुढे, दोन-तीन विंग असलेल्या सोसायटीत याचा उपयोग जाणवतो. भाडेकरू चर्चेत आले तर बिघडत नाही, पण मागणीपत्रावर सही सभासदाचीच लागते. 12 मोजताना त्यांना धरू नका. आणि अगदी काठावर थांबू नका, 12 लागत असतील तर 15 तयार ठेवा. अर्जाच्या दिवशी दोन-तीन जण गावी गेलेले असतात.

अर्ज देऊन पोच मिळाली की या ग्रुपचं काम संपलं. ॲडमिनने लिंक बंद करावी, सभासद एकेक करून काढावेत आणि शेवटी स्वतः बाहेर पडावं. ज्यांनी सही केली नाही पण मदत केली, त्यांची नावं कोणत्याही यादीत राहायला नकोत. सही करणाऱ्यांना पुढच्या तयारीसाठी व्हॉट्सॲपही चालेल, त्यांची नावं आता नोटीस बोर्डावर लागणारच आहेत.