आंब्याखालची लाइन फुटली: जागेवर जोडायची, वळवायची की वरून न्यायची?

हरभरा फुलात असतो, आठवडाभर रात्रपाळीची लाइट असते आणि नेमकं तेव्हाच बांधावरच्या झाडाखाली जमीन ओली दिसायला लागते. मोटार नेहमीच्या आवाजात चालू असते, पण शेवटच्या नोझलचा फवारा गुडघ्याच्या वर उडत नाही. जमिनीखालून पीव्हीसी लाइन आणि वर तुषार संच, अशी ज्यांची सोय आहे त्यांना हे नवीन नाही. झाडाखाली लाइन फुटली की मात्र साधं काम अवघड होतं, कारण कुदळ कुठे मारायची हेच कळत नाही.

आमचं रान औसा तालुक्यात, काळं आणि खोल. विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत ९० मिमीची पीव्हीसी लाइन गेली आहे आणि मधे बांधावर आजोबांनी राखलेला शेप्या आंबा आहे. त्याच्याखाली लाइन दोनदा फुटली. पहिल्यांदा जागेवर जोडली. दुसऱ्यांदा फुटली तेव्हा उभ्या पिकात खोदता येईना, म्हणून तो हंगाम पाइप वरून नेऊन काढला आणि उन्हाळ्यात लाइन वळवली. तिन्ही उपाय हातून झालेत, त्यामुळे प्रत्येकाचा खर्च आणि खोड दोन्ही ठाऊक आहेत.

माझं मत आधीच सांगतो. पाइप आणि जोडाचा खर्च मजुरीपुढे फारसा नसतो, खरा खर्च खोदाईचा. म्हणून ‘स्वस्तात कसं होईल’ हे नंतर बघा, आधी लाइन फुटली कशाने ते बघा. कारण तसंच राहिलं तर तोच खड्डा पुन्हा खणावा लागतो. आम्ही खणलाय.

फुटलेला तुकडा फेकू नका

पाइप उघडा पडला की प्लंबर पहिल्यांदा करवत मागतो. त्याला पाच मिनिटं थांबवा आणि पाइप पुसून नीट बघा.

लांबीच्या दिशेने सरळ चीर गेली असेल तर बहुतेक वेळा दोष दाबाचा, झाडाचा नाही. पूर्वी पाटाने पाणी द्यायला अडीच किंवा ४ किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो दाब सोसणारा) पाइप टाकलेला असतो आणि पुढे त्याच लाइनला तुषार संच जोडला जातो. नोझललाच दोन-अडीच किलो दाब लागतो. दर १० मीटर चढाला आणखी १ किलो धरा, वर पाइपातलं घर्षण. शिवाय लाइट अचानक गेली की चढावरचं पाणी उलटं फिरून दणका देतं तो वेगळा. अशा लाइनला झाडाखाली कितीही सुंदर जोड मारा, पुढच्या वर्षी ती दुसरीकडे फुटणार. किलो पाइपावरच छापलेले असतात. चिखल धुऊन वाचा.

जोड सरकून निसटला असेल तर आसपास बेंड आहे का बघा. झाडापाशी तो हमखास असतो, कारण लाइन टाकणाऱ्याने झाड वाचवायलाच तिथे वळण घेतलेलं असतं. ९० मिमीच्या पाइपात ३ किलो दाब असला तर काटकोनी बेंडवर बाहेरच्या बाजूला साधारण अडीच क्विंटलचा रेटा येतो. मोटार सुरू झाली की रेटा, बंद झाली की ढिलाई, असं वर्षानुवर्षं चालतं. त्यात काळी जमीन. उन्हाळ्यात भेगेत हात जातो आणि पावसात तीच जमीन फुगते. बेंडमागे काँक्रीटचा ठोकळा नसेल तर सोल्युशनने (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाने) किती दिवस धरायचं?

पाइप एका बाजूने चेपून अंडाकृती झाला असेल, किंवा मुळीचा वळ त्यावर उमटला असेल, तर झाडाचा दोष खरा. पण इथेही क्रम लक्षात घ्या. मुळी पाण्याचा वास काढत येते असं म्हणतात, तसं नसतं. जिथे ओल सापडेल तिथे ती फोफावते. धडधाकट, कोरड्या पाइपाकडे तिचं काही काम नसतं. आधी जोड पाझरतो, मग तिथे केसासारख्या मुळ्यांची जाळी होते, त्यातली एखादी जाड होते आणि मग पाइप उचलला जातो. आमच्या पहिल्या खड्ड्यात जोडाभोवती मुळ्यांचा नारळाच्या शेंडीसारखा पुंजका होता. चार हात पलीकडे त्याच पाइपाला एकही मुळी चिकटलेली नव्हती.

गळती किती आहे तेही मोजून ठेवा. खड्ड्यात बादली लावता येत असेल तर १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. अर्ध्या मिनिटात भरली तर ताशी १८०० लिटर, म्हणजे एका नोझलभर पाणी जमिनीत चाललंय. पाच मिनिटं लागली तर ताशी १८०. एवढ्यासाठी फुलातला हरभरा तुडवून खोदायची गरज नाही.

जागेवर जोड

सगळे आधी हेच करतात, आणि दरवेळी ते चूक नसतं. ट्रॅक्टरच्या फाळाने किंवा पहारीने पाइप फुटला असेल, बाकी लाइन चांगली असेल, तर फुटका तुकडा कापा, दोन सॉकेट (दोन पाइप जोडणारे तुकडे) आणि नवा तुकडा टाका, काम संपलं.

झाडाखाली अडचण वेगळी. पीव्हीसी पाइप ताठ असतो. मधे तुकडा बसवायचा तर दोन्ही टोकं उचलून वाकवावी लागतात आणि त्यासाठी दोन्हीकडे पाच-सहा फूट पाइप मोकळा करावा लागतो. म्हणजे फूटभर गळतीसाठी बारा फूट चर, तोही मुळ्यांमधून आणि हाताने. दोन गड्यांचा पूर्ण दिवस जातो. रबर रिंगचा सरकता रिपेअर कपलर मिळाला तर पाइप वाकवावा लागत नाही आणि खड्डा निम्म्यावर येतो. पण रबर रिंग ओढ धरत नाही. बेंडजवळ तो वापरलात तर ठोकळा घातल्याशिवाय माती ओढू नका.

काही जण सॉकेटऐवजी पाचट पेटवून पाइपाचं तोंड तापवतात आणि दुसऱ्या पाइपावर चढवतात. पाटाच्या पाण्याला चालून जातं. तुषारच्या दाबाला मी ते करणार नाही. तापवलेल्या जागी पाइपाची जाडी सारखी राहत नाही आणि चीर तिथूनच सुरू होते.

आमची पहिली दुरुस्ती वर्षभरात गेली, त्यात प्लंबरचा दोष नव्हता. खालचा व्हॉल्व्ह उघडून लाइन रिकामी केली नाही, त्यामुळे जोडताना पाइपातून पाणी झिरपत राहिलं. ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही. त्यावर कडी म्हणजे संध्याकाळी जोडलं आणि रात्री दहाला लाइट आली म्हणून मोटार सोडली. २४ तास दाब द्यायचा नसतो, हे डबा आणताना दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणून पाइपाच्या खाली वीतभर खोल खड्डा ठेवा, झिरपतं पाणी त्यात बसेल. टोकं पॉलिश पेपरने घासा, कोरडी पुसा, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावा, आत ढकलताना थोडा पीळ द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा.

वळसा

आता कोणी विचारलं तर झाडाखाली दुसऱ्यांदा फुटलेल्या लाइनसाठी मी हेच सांगतो. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या बाहेरून नवी लाइन काढायची आणि दोन्ही जोड मुळ्यांच्या गर्दीपासून लांब आणायचे. बारीक मुळ्या घेराबाहेरही असतात, पण पाइप उचलणाऱ्या जाड मुळ्या खोडाजवळ. आमच्या आंब्याला वळसा घालायला ३० मीटर लागले. तेवढ्याने दाबात पडणारा फरक नोझलवर दिसला नाही.

वळसा पीव्हीसीत घेतला तर किमान चार बेंड लागतात. काटकोनी घेऊ नका, ४५ अंशाचे घ्या आणि प्रत्येकामागे ठोकळा घाला. आम्ही एचडीपीईची, म्हणजे वाकणाऱ्या प्लास्टिक पाइपाची, कॉइल वापरली. ती उन्हात तासभर पसरून ठेवली की नरमते आणि चरात आपोआप वळण घेते, मधे एकही जोड नाही. काळी जमीन हलली तर पाइपही थोडा हलतो, तडकत नाही. मुळीने रेटलं तरी तेच. फक्त सोल्युशन एचडीपीईला चिकटत नाही हे विसरू नका. आमच्याकडे दोन्ही टोकांना पीव्हीसीच्या बाजूने टेलपीस (टोकाला बसवायचा काठाचा तुकडा), एचडीपीईच्या बाजूने वेल्डिंग केलेला कॉलर आणि मधे बोल्टने आवळायच्या चकत्या व रबर (फ्लँज-रबर) बसवलं. वेल्डिंगचं मशीन घेऊन माणूस येतो, त्याची तारीख आधी ठरवा, नाहीतर चर उघडा आणि माणूस बेपत्ता.

खर्च जागेवरच्या जोडाच्या कितीतरी पट. पण चर मोकळ्या रानातून जात असल्याने जेसीबी चालतो आणि खोदाई तासाभरात उरकते. झाडाखाली मात्र जेसीबी नकोच. त्याची बकेट मुळी कापत नाही, ओढते, आणि ओढलेली मुळी खोडाच्या दिशेने फाटत जाते. खोली तीन फूट ठेवा, रोटाव्हेटर आणि नांगर दोन्ही वरून जातात. जुना पाइप झाडाखाली राहू द्या, तो काढायला मुळ्या उकरण्यात अर्थ नाही. फक्त तोंडं बुजवा, नाहीतर उंदरांचं घर होतं.

वेळ कोणती? आंबे उतरल्यावर आणि मृगाच्या आधी. फळं लगडलेली असताना मुळ्या दुखावल्या तर कैऱ्या गळतात आणि मृगानंतर काळ्या रानात ना माणूस उभा राहतो ना यंत्र. पंधरा-वीस दिवसच हातात असतात.

वरून नेणं

हा उपाय लोक हिशोबातच धरत नाहीत, कारण त्याला दुरुस्ती म्हणताना कमीपणा वाटतो. तुषार संचाचे ७५ मिमीचे, कडी लावून जोडायचे ६ मीटरचे पाइप आपल्याकडे असतातच. झाडाच्या अलीकडे एक आउटलेट, पलीकडे एक, मधे पाच पाइप जमिनीवर. अर्ध्या दिवसात पाणी सुरू, हरभरा वाचला, आणि खोदायचं की नाही ते उन्हाळ्यात निवांत ठरवा. दोन्हीकडे आउटलेट नसेल तर फुटक्या भागाच्या अलीकडे-पलीकडे लाइन कापून टी आणि व्हॉल्व्ह बसवावे लागतात. ते खड्डे मात्र झाडापासून लांब, मोकळ्या जागी घेता येतात.

कायमचा उपाय म्हणून मी हे सुचवणार नाही. बांधावरून ट्रॅक्टर जातो, कडीतलं रबर दर हंगामाला बघावं लागतं, आणि रात्री रानात पडलेले पाइप सकाळी तिथेच असतील याची खात्री कोण देणार? पण फक्त रब्बीत तीन-चार पाणी द्यायचं असेल आणि वरचा तुकडा एकरभरच असेल, तर हीच सोय वर्षानुवर्षं चालवणारे लोक आमच्या शिवारात आहेत. त्यांचं काही अडलेलं नाही.

मुळी तोडायची का

बोटाएवढी मुळी आडवी आली तर धारदार करवतीने सरळ कापा, कुदळीने ठेचू नका. कापल्या जागी आम्ही बोर्डोपेस्ट लावतो (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). मनगटाएवढी असेल तर ती राहू द्या आणि खालून माती काढून पाइप पलीकडे न्या. खोडाला लागून दोन जाड मुळ्या एकाच बाजूने तोडल्या तर झाड त्या बाजूचा आधार गमावतं आणि वळवाच्या वाऱ्यात आडवं होतं.

‘झाडच काढून टाका’ असं सांगणारा एक जण प्रत्येक गावात असतो. आंबा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. उंबर असेल तर तोडायला गडीच मिळणार नाही. मात्र उंबर, वड, पिंपळ यांच्याखाली जागेवर जोड देण्याच्या फंदात पडू नका. ओल सापडली की त्यांच्या मुळ्या आंब्यापेक्षा कितीतरी वेगाने पाइपाला वेढतात. तिथे पहिल्याच गळतीला वळसा घ्या. कडुलिंब-बाभळीखाली एक दुरुस्ती करून बघायला हरकत नाही.

काहीही निवडलंत तरी चर लगेच बुजवू नका. जोड उघडे ठेवून दोन पाळ्या मोटार चालवा आणि एकदा तरी ती चालू असताना मुद्दाम एकदम बंद करून बघा, दणक्यात जोड पाझरतो का ते तेव्हाच दिसतं. मग पाइपाभोवती वीतभर मऊ माती किंवा वाळू, ढेकळं आणि दगड वरच्या थरात. आमच्या वळशाच्या दोन्ही टोकांना चुना लावलेले दगड पुरलेत. आंब्याच्या बुंध्यावर खिळा ठोकून खूण करायची चुलत्यांची सूचना होती, ती आईने मोडून काढली.