सेकंडहँड टायर घरीच चढवला, घरीच बॅलन्स केला : पावसाळाभर वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. टायर बरा निघाला, चढवताना घाम निघाला, आणि बॅलन्सिंगच्या जुगाडाचे पैसे मात्र पुरेपूर वसूल झाले.

गाडी दीडशे सीसीची, अलॉय व्हील, मागे 100/90-17 मापाचा ट्यूबलेस टायर. एकाने हौसेनं रुंद टायर टाकला, त्याचा उतरवलेला कंपनी टायर मला नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळाला. जुना टायर घ्यायचा तर असाच घ्यावा. नुसती नक्षी बघून भुलू नका. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, चार आकडे असतात: 1823 असेल तर 2023 सालचा अठरावा आठवडा. नक्षी भरपूर पण रबर वाळलेलं असेल, तर ओल्या रस्त्यावर तो टायर गोटा. आतून हात फिरवा. मधल्या भागात एखादं पंक्चर चालेल, साइडवॉलला पॅच दिसला की पैसे परत खिशात.

टायर चढवण्यात ताकदीपेक्षा टायरची रिमवर बसणारी कड कुठे आहे याला महत्त्व. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. समोरची कड गुडघ्यानं त्या खड्ड्यात दाबून धरली तरच इकडची बाजू लिव्हरनं वर येते, नाहीतर कितीही जोर लावा, रिमला ओरखडेच पडतात. साबणाचं पाणी हात आखडता न घेता लावा, लिव्हरखाली पाण्याच्या जुन्या पाइपाचे तुकडे ठेवा, आणि टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं आहे ना हे चढवण्याआधी बघा. हवा भरायला पायपंप कामाचा नाही. व्हॉल्वची पिन काढून कॉम्प्रेसरची हवा सोडली की कड दोनदा ‘टक्क’ करून बसते. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे जाऊ नका. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, की टायर बसला.

आता बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. मी विचारलं तिथं कारच्या चाकाचं मशीन होतं, बाइकचं चाक घ्यायला कुणी तयार नव्हतं. मग बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून सरळ शाफ्ट आणि दोन शंकूसारखे कोन करून घेतले. शाफ्ट चार छोट्या (608 नंबरच्या) बेअरिंगवर टेकतो, कोन चाकाला मधोमध धरतात. गाडीच्याच ॲक्सलवरही जमतं, पण हबच्या बेअरिंगचे सील चाक अडवतात आणि पाच-दहा ग्रॅमचा फरक कळतच नाही. ब्रेक प्लेट काढून ठेवायची, चाक हळूच फिरवून सोडायचं. जड बाजू झोके घेत खाली येऊन थांबते. बरोबर वरच्या टोकाला वजन चिकटवायचं, आणि चाक कुठेही सोडलं तरी तिथंच थांबेपर्यंत हेच चालू. माझ्या चाकाला 25 ग्रॅम लागले. शेजारचे काका कठड्यावरून बघत होते: “काय रे, चाकाची पूजा मांडलायस की काय?” पुढच्या रविवारी स्वतःच्या गाडीचं चाक घेऊन तेच आले.

फरक जाणवला का? सत्तरच्या पुढे फूटरेस्टला येणारी थरथर गेली. हायवेवर निपाणीपर्यंत गेलं तरी पाय बधिर होत नाहीत. पण रिमच वाकडी असेल तर बॅलन्सिंगनं काही होत नाही. ते आधी तपासा: स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) तार बांधून टोक रिमजवळ आणा, चाक फिरवा, फट कमी-जास्त होते का बघा. आपल्याकडचे खड्डे बघता हे सोडूच नका.

जांबोटी-चोर्ला रस्त्यावर भर पावसात गेलोय. पकड नव्या टायरइतकी नाही, वळणावर मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतं. म्हणून पुढच्या चाकाला सेकंडहँड टायर मी कुणी फुकट दिला तरी लावणार नाही. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर आपण थेट रस्त्यावर.

एक तक्रार वजनांची. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यानं वजनाची एक पट्टी उडाली आणि थरथर परत आली. आता चिकटवण्याआधी रिम थिनरनं पुसतो, वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मारतो. त्यानंतर खानापूरकडचा लाल चिखल लागला, धुवून झाला, वजनं जागची हललेली नाहीत.