सिंकसाठी कापलेला तुकडा मागून घ्या: लॅमिनेटच्या ओट्यात होणारी फसवणूक

दुकानात लॅमिनेटच्या, म्हणजे सनमायकाच्या, काउंटरवर ग्लासभर पाणी ओततात, फडक्याने पुसतात आणि म्हणतात, "बघा, वॉटरप्रूफ." मग लायटरची ज्योत दोन सेकंद टेकवतात. डाग पडत नाही. यात खोटं काहीच नाही. लॅमिनेट म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेले क्राफ्ट पेपरचे थर आणि वर मेलामाइनचा डिझाइनचा कागद, गरम प्रेसखाली दाबून एकजीव केलेला. हे शीट पुठ्ठ्यावर चिकटवलं तरी पाण्याचा हा डेमो पास होईल. पाणी वरून शिरतच नाही, कडेने शिरतं. आणि कडेला काय आहे, ते कोणी दाखवत नाही.

पुण्यात घरून डबे पुरवणाऱ्या एका कुटुंबाचं असंच झालं. जागा भाड्याची, त्यामुळे ग्रॅनाइटचा ओटा घालण्यात अर्थ नव्हता. उद्या जागा सोडली तर उचलून नेता येईल असा काउंटर हवा होता. एल आकार, एक बाजू 10 फूट, दुसरी 8 फूट, रुंदी 2 फूट. कोटेशनवर लिहिलेलं: "18 एमएम 710 मरीन प्लाय, 1 एमएम लॅमिनेट, खालून बॅलन्सिंग" (म्हणजे खालच्या अंगालाही शीट). जूनमध्ये काउंटर बसला. सप्टेंबरात सिंकच्या पुढची कड वर आलेली दिसली, बोटाने दाबली की दबायची. सिंक काढल्यावर कापलेल्या कडेला प्लायचे थर नव्हतेच. नखाने उकरला जाणारा ओला भुसा होता, आणि 18 मिलिमीटरची जाडी तिथे 23 भरली.

तो पार्टिकल बोर्ड होता. लाकडाचा चुरा बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकात कालवून दाबलेला असतो. ओल लागली की डिंक सुटतो आणि दाबून बसवलेला चुरा पुन्हा फुलतो. वाळल्यावर तो परत बसत नाही, म्हणून "उन्हात वाळलं की सरळ होईल" हे सुताराचं उत्तर ऐकून महिना घालवू नये. कोरड्या जागी, कपाटाच्या आत, हाच बोर्ड वर्षानुवर्षं टिकतो. बोर्ड वाईट नव्हता, तो मरीन प्लायच्या भावाने विकला गेला.

कोटेशनवर "710" लिहायला खर्च येत नाही. आयएस 710 हे मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचं भारतीय मानक आहे आणि त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. साध्या वापराच्या प्लायचं मानक आयएस 303; त्यातल्या बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्लायला 8 तास, आणि एमआर (नुसत्या ओलाव्याला टिकणाऱ्या) प्लायला फक्त 60 अंशांच्या पाण्यात 3 तासांच्या फेऱ्या. नुसतं "710 ग्रेड" किंवा "710 क्वालिटी" असं छापलेलं दिसलं तर ते जाहिरातीत धरा. खऱ्या शीटवर आयएसआय मार्क असतो आणि त्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण शीट कापण्याआधी करायचं. कारखान्यात कापून, सगळीकडून लॅमिनेट लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलेल्या काउंटरवर शिक्का शोधणार कुठे?

अदलाबदल नेमकी तिथेच होते. नमुना म्हणून हातात देतात तो तुकडा अस्सल 710 चा असतो. साइटवर येणाऱ्या शटर्सनाही (कपाटांच्या दारांनाही) बऱ्याचदा बरा प्लाय असतो, कारण बिजागरीसाठी भोक पाडताना आतलं दिसतं. काउंटरचं मात्र पोट आणि पाठ दोन्ही झाकलेली. लालसर रंगावरही जाऊ नका. "फुल गर्जन" (गर्जन हे लालसर, टणक लाकूड) म्हणून विकताना साध्या पॉप्लरच्या प्लायला वरून लाल रंग देतात, ओलं फडकं घासलं की फडकं लाल होतं. म्यानमारने 2014 मध्ये गोल लाकडाची निर्यात थांबवली, त्यामुळे स्वस्तात अख्खा गर्जन मिळतोय म्हटल्यावर आधीच शंका यायला हवी. हिरवा बोर्डही तसाच. आर्द्रतारोधक बोर्ड ओळखू यावा म्हणून त्यात हिरवा रंग घालतात, पण रंग कोणीही घालू शकतो.

वजनाने ओळखायचं म्हणाल तर तेही फसवं आहे. 8 बाय 4 चा 18 मिलिमीटर प्लाय साधारण 32 ते 37 किलो भरतो, आणि त्याच मापाचा पार्टिकल बोर्ड त्याहून हलका असेलच असं नाही. हलका, पोकळ प्लाय वजनाने पकडता येतो, बोर्ड नाही. बोर्ड पकडायचा तर कड बघायची. प्लायच्या कडेला उभे-आडवे थर स्पष्ट मोजता येतात. पार्टिकल बोर्डात मधे जाडसर आणि दोन्ही अंगांना बारीक चुरा दिसतो. एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा बोर्ड) दाबून बसवलेल्या रव्यासारखा एकसारखा दिसतो.

ही कड बघायची हक्काची जागा म्हणजे सिंकचं भोक. 24 बाय 18 इंचाचं भोक कापलं की 3 चौरस फुटांचा तुकडा खाली पडतो. तो तुमच्या पैशाचा आहे. या घरात तो सुताराने "कचरा आम्हीच नेतो" म्हणत गाडीत टाकला, आणि घरच्यांना ती सेवा वाटली. तुकडा हातात असेल तर एक कोपरा कापून रात्रभर साध्या पाण्यात ठेवा आणि आधी-नंतरची जाडी कॅलिपरने मोजा. पार्टिकल बोर्ड सकाळपर्यंत स्वतःच कबुली देतो. प्लाय असेल तर तीन इंची तुकडा जुन्या पातेल्यात 8 तास उकळा. त्यात थर सुटले तर तो 710 नाही. टिकला म्हणून 710 ठरत नाही, पण एमआर प्लाय तरी तुमच्या गळ्यात मारलेला नाही. लॅमिनेटच्या उरलेल्या पट्टीवरही कॅलिपर लावा. 1 सांगून 0.8 लावणं सर्रास चालतं आणि नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

खालच्या बॅलन्सिंग शीटचे पैसे लावले होते, पण काउंटर उलटा केला तेव्हा खाली नुसता तपकिरी रंग मारलेला. एकाच अंगाला लॅमिनेट असलं की दोन्ही बाजू ओलावा सारख्या घेत नाहीत आणि फळी बाक धरते. चार फुटी सरळ पट्टी आडवी ठेवली की खालून उजेड दिसतो. बसवण्याआधी पाठ बघायला मागा, एवढंच.

मापातली चोरी तर कागदावरच होती. 10 आणि 8 मिळून 18 रनिंग फूट, म्हणजे 2 फूट रुंदीने 36 चौरस फूट लावले. पण कोपऱ्याचा 2 बाय 2 चा चौकोन दोन्ही बाजूंत मोजला गेला. खरं क्षेत्रफळ 10 गुणिले 2 अधिक 6 गुणिले 2, म्हणजे 32. सिंकचं भोक वजा करत नाहीत, ती रीत आहे. मात्र भोक वजा न करता वर "कटआउट चार्ज" वेगळा लावला, त्याला रीत म्हणत नाहीत.

बिलाचं म्हणाल तर कच्चं बिल होतं. पक्क्या जीएसटी बिलावर एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा, असतो: 4410 म्हणजे पार्टिकल बोर्ड, 4411 म्हणजे एमडीएफ वगैरे फायबर बोर्ड, 4412 म्हणजे प्लाय. सुताराला माल तुम्हीच आणून देत असाल तर हे चार आकडे कोटेशनपेक्षा जास्त खरं बोलतात. तयार काउंटर मात्र फर्निचर म्हणून 9403 खाली येतो, तिथे कोडवरून काही कळत नाही. मग बिलाच्या वर्णनातच "आयएस 710 प्लाय", ब्रँड आणि जाडी लिहून घ्या. "दहा वर्षं वॉरंटी" सांगतात ती बहुतेक वेळा लॅमिनेटच्या शीटपुरती असते, खालच्या बोर्डाची किंवा कडेच्या कामाची नव्हे.

पैसे 50-40-10 असे मागतात, म्हणजे बसवण्याआधी 90 टक्के गेले. त्याऐवजी 30 टक्के आगाऊ, 40 टक्के न कापलेली शीट शिक्क्यासह बघितल्यावर, 20 बसवल्यावर आणि शेवटचे 10 महिनाभर सिंक वापरून झाल्यावर. यावर जो चिडतो त्याला सोडून द्यावं.

फसवणूक झालीच असेल तर फुगलेला भाग तोडण्याआधी कडेचे फोटो मोजपट्टीसकट काढा आणि लेखी तक्रार द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं आणि मोबदला, म्हणजे मालासाठी तुम्ही दिलेली रक्कम, 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

फुगलेला बोर्ड घासून वर नवीन सनमायका लावणं म्हणजे पैसे पाण्यात. या घरात सिंकची अख्खी बाजू बदलावी लागली. या वेळी कोपऱ्याचा सांधा सिंकपासून लांब घेतला, भोकाच्या कापलेल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात दिले, ते वाळल्यावर सिंकच्या ओठाखाली सिलिकॉन भरलं. कापलेला तुकडा आता माळ्यावर आहे, मागच्या बाजूला तारीख आणि सुताराची सही.