आधाराची काठी कातायची, तर लाकूड कोणतं? शिसम, सागवान की बाभूळ

पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात काठीसाठी लाकूड विचारलंत, तर आधी सागवान दाखवतील. दुसरं काही आहे का म्हटलंत की शिसम. बाभूळ मागितलीत तर जळणाच्या वखारीकडे बोट दाखवतील, आणि तो सल्ला अगदीच वेडा नाही.

माझं मत आधीच सांगतो. काठी बारीक, नाजूक दिसायला हवी असेल तर शिसम. थोडी जाड चालणार असेल तर सागवान पुरेसं आहे. चांगली सरळ बाभूळ मिळाली तर दोन्ही सोडा. पण जातीच्या आधी रेषा बघायची. तिरप्या रेषेच्या शिसमापेक्षा सरळ रेषेचं साधं सागवान कधीही भरवशाचं.

रेषा तपासायची कशी? रंदा मारलेल्या अंगावर फाउंटन पेनने शाईचा एक ठिपका टाका. शाई तंतूंच्या दिशेने लांबट पसरते आणि वरच्या नक्षीने फसवलेल्या डोळ्यांना खरी दिशा दिसते. दोन लगतच्या अंगांवर बघा. 25 मि.मी.च्या काठीत एका वितीत रेषा या कडेवरून त्या कडेला पोचत असेल, तर तो उतार साधारण दहास एक झाला (दहा भाग लांबीला रेषा एक भाग सरकली). वाकवण्याच्या ताकदीतला पाचवा हिस्सा तिथेच गेला. वीसास एकपर्यंत चालतं. टोकाचा टाकाऊ तुकडा गुडघ्यावर मोडूनही बघा. लांब चिवट कुसळं निघाली तर उत्तम. काकडीसारखा कटकन तुटला तर त्या फळीची काठी करू नका, मग भाव कितीही कमी असो.

आता शिसम. जड, चिवट, लेथवर सुरेख कातलं जातं, पॉलिशशिवायही देखणं. रेषा मात्र पुष्कळदा गुंतलेल्या असतात, म्हणून फळ्या उलटसुलट करून बघाव्या लागतात. बाहेरचा पांढरा भाग टाळा, कीड तिथून लागते. शिसम ज्यातलं, तो सगळा डालबर्जिया वंश 2017 पासून 'साइटीस' या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. काठ्या परदेशात विकायच्या असतील तर कागदपत्रांची चौकशी आधी करा.

सागवान हलकं, आणि पावसाळ्यात फुगणं-आक्रसणं कमी. धक्का सोसण्यात ते शिसमाच्या मागे आहे. पण हिशेब करून बघा: 90 सें.मी. लांब, 25 मि.मी. व्यासाचा शिसमाचा दांडा साधारण 350 ग्रॅम भरतो, सागवानाचा 290. सागवान 28 मि.मी. ठेवलंत तर वजन जवळपास शिसमाइतकंच होतं आणि ताकद 25 मि.मी.च्या सागवानापेक्षा सुमारे 40 टक्के वाढते, कारण वाकताना ती व्यासाच्या घनाने वाढते. तीन मिलिमीटरचा दिमाख सोडायची तयारी असेल तर शिसमाचे जादा पैसे वाचतात.

पेठांतले वाडे पाडल्यावर निघणाऱ्या जुन्या सागवानाचा मोह कुणालाही होईल. वाळून पक्कं झालेलं, गाभ्याचं लाकूड, शिवाय सांगायला गोष्ट! फक्त त्यात मोडक्या खिळ्यांची टोकं लपलेली असतात. लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय लेथवर चढवू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा रंग कोरडा घासायचा नाही. आणि जिथे खिळ्याचं भोक किंवा कुसाची खाच आहे तो भाग दांड्यात येता कामा नये. मुठीसाठी मात्र असे आखूड तुकडे झकास.

बाभळीने गाड्यांची चाकं आणि अवजारांचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या पेलले. अडचण एकच, सव्वातीन फूट सरळ, बिनगाठीचा तुकडा सहज सापडत नाही. ओली असेल तर टोकांना मेण लावून सावलीत वाळवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वजन उतरायचं थांबलं की मगच काता. धावडा किंवा तिवस कुणी देत असेल तर तेही घ्या, दोन्ही अवजारांच्या दांड्यांची लाकडं. आंबा नको. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन तर नकोच. भरीव बांबूची काठी उत्तम, पण ती कातायची नाही. सगळ्यात मजबूत तंतू सालीलगतच असतात.

कातताना भर दांड्यात खोल खाचा पाडू नका, काठी तिथूनच मोडते. नक्षी हवी तर मुठीखाली, तीही उथळ. लांब बारीक दांडा मधे थरथरतो, त्याला स्टेडीचा, म्हणजे लेथवर दांडा मधे धरून ठेवणाऱ्या जोडाचा, आधार द्या. काठीच्या टोकाला बसणारा रबरी बूट आधी विकत आणा आणि तळ त्याच्या मापाने उतरवा.

शिसम आणि सागवान, दोन्हींच्या भुशाने काहींना खाज सुटते, दमा उठतो. चांगला मास्क लावा, लेथजवळ पंखा बाहेरच्या दिशेने फिरवा. मुठीला काचेसारखं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नको, घामट हातात ते निसटतं. 'बॉइल्ड' म्हणून विकत मिळणारं जवस तेल दोन-तीन हात पुरे. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. दोरीवर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.