मार्सेयच्या 'पिवळ्या १४'चं १/४८ किट: विमान एक नंबर, डिकल बाद, माहितीपत्रक अर्धवट

जूनमध्ये ऑनलाइन मागवलं होतं, आख्खा पावसाळा त्यात गेला, गणपतीच्या आदल्या आठवड्यात पुरं झालं, त्यामुळं घाईत लिहिलेला रिव्ह्यू नाही हा. मेसरश्मिट बीएफ १०९ एफ-४/ट्रॉप, दुसऱ्या महायुद्धातल्या हान्स-योआखिम मार्सेय या जर्मन फायटर पायलटचं, अंगावर पिवळा १४ आकडा असलेलं विमान, खऱ्याच्या ४८ व्या भागाएवढं जोडायचं मॉडेल. कुरिअरसकट २,६०० रुपये पडले. राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी सगळं पालथं घातलं पण मला कोल्हापुरात कुठं मिळालं नाही.

आधी चांगलं सांगतो. फिटिंग लई भारी आहे. पंख बॉडीला लावले तर पुट्टीची गरजच पडली नाही, नुसतं दाबून धरलं आणि बसलं. पंख पसरून विमान जेमतेम वीतभर भरतं. नाकाच्या डाव्या बाजूला वाळूचा फिल्टर आहे, ते नळकांडं दोन तुकड्यांत येतं आणि मधली रेघ पॉलिश पेपरनं घासून काढायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, पण तिथं कंटाळा करू नका, कारण नावातलं 'ट्रॉप' म्हणजे तेच नळकांडं, लिबियाच्या वाळवंटात ते नसतं तर इंजिननं वाळूच खाल्ली असती. हत्यारं बघाल तर प्रोपेलरच्या मधल्या टोकातून २० मिमीची एक तोफ आणि वर दोन मशीनगन, बास एवढंच. चाकांचे पाय बॉडीजवळ अरुंद बसतात, ती किटची चूक नव्हे, खरं विमानही तसंच होतं आणि उतरताना त्याचा त्रास व्हायचा. काच लावताना मात्र इन्स्टंट ग्लू वापरू नका, पांढरा धुरकटपणा येतो, साधा फेविकॉल घ्या.

रंग वर वाळूचा पिवळट, खाली फिका निळा, शेपटीकडं पांढरा पट्टा. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत एकेका कोटाला दोन दोन दिवस द्यावे लागले, ते धरून चाला.

आता तक्रार. डिकलची, म्हणजे विमानावर चिकटवायच्या आकड्या-चिन्हांची शीट जुनी निघाली, कडेनं पिवळी पडलेली, आणि पाण्यात सोडली की तुकडे तुकडे. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. दुसऱ्या एखाद्या विमानाला हे चाललं असतं पण या विमानाचा जीवच रडरवर, म्हणजे उभ्या शेपटीच्या हलत्या भागावर आहे. रडरवर १०० चा आकडा पानांच्या गोलात लिहिलेला आणि त्याच्याजवळ पुढच्या प्रत्येक पाडलेल्या विमानाची एकेक बारीक पट्टी. ती सगळी मी सगळ्यात बारीक ब्रशनं हातानं काढली. ३ जून १९४२ ला मार्सेयनं दक्षिण आफ्रिकेच्या स्क्वाड्रनची सहा टॉमाहॉक फायटर विमानं ११ मिनिटांत पाडली, आणि मला सहा पट्ट्या सरळ काढायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला, हे घड्याळ बघून सांगतोय. त्यानंतर ब्रश हातात घेतला की ते डोक्यातनं जायचं नाही.

म्हणूनच माहितीपत्रकाचा राग येतो. चार ओळी आहेत. बर्लिनमध्ये जन्म, १५८ विमानं, हिऱ्यांचं पदक, २२ व्या वर्षी मृत्यू. आणि वर चित्रात हसणारा देखणा पोरगा. अहो पण हा माणूस सुरुवातीला कुणाला नको होता हे का नाही लिहीत? १९४० मध्ये इंग्लिश खाडीवर त्याच्या नावावर ७ विमानं लागली खरी, पण स्वतःचीही कितीतरी गमावली, ऑर्डर पाळायची नाही, फॉर्मेशन सोडून जायचं, शेवटी कमांडर श्टाइनहॉफनं त्याला दुसरीकडं धाडलं. पुढं जेजी २७ या फायटर तुकडीत एडुआर्ड नॉयमन या कमांडरनं त्याला सांभाळून घेतलं आणि एप्रिल १९४१ ला तो आफ्रिकेत पोचला. तिथं तो मोहिमेवरून परतताना आपल्याच सोबत्यांच्या विमानांवर खोटे हल्ले करून वळणात नेम धरायची प्रॅक्टिस करायचा, म्हणजे समोरचं विमान आत्ता कुठं आहे ते नाही तर गोळी पोचेल तेव्हा कुठं असेल तिथं मारायचं. एवढी मेहनत होती मागं, आणि ती पत्रकात एका शब्दानं नाही.

दुसरं, १५८ हे दावे आहेत. १ सप्टेंबर १९४२ या एका दिवसाचे १७ दावे, पण ब्रिटिश बाजूच्या नोंदी शेजारी ठेवल्या की सगळे जुळत नाहीत आणि त्यावर इतिहासकार अजून भांडतात. शिवाय पाडलेली बहुतेक फायटरच. बॉम्बर येत राहिले आणि आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेल याच्या सैन्यावर बॉम्ब पडत राहिले, मग या आकड्यांचा जर्मनांना लढाईत उपयोग किती झाला हा प्रश्न रास्तच आहे. कौशल्य मी मानतो. नुसता आकडा दाखवून पोरांना भारावून टाकणं मला पटत नाही.

माझं या विषयात एवढं अडकायचं कारण घरातलं आहे. आईचे आजोबा मराठा पलटणीत होते, २/५ मराठा, आणि २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा पलटणीबरोबर तेही पकडले गेले. मार्सेयनं त्याच्या चारच दिवस आधी शंभरी ओलांडली होती आणि तोब्रुक पडलं तेव्हा तो सुट्टीवर निघून गेला होता. त्याच तोब्रुकमध्ये मॅथ्यू लेटुलू नावाचा दक्षिण आफ्रिकेचा काळा सैनिक पकडला गेला, तो पुढं मार्सेयच्या तंबूत मदतनीस म्हणून आला, आणि मार्सेयनं त्याला मित्रासारखं वागवलं. वंशाच्या नावानं माणसं मारणाऱ्या राजवटीचा लाडका हिरो आणि त्याचा दोस्त काळा कैदी. ही गोष्ट पत्रकात नाही, आणि माझ्या मते १५८ पेक्षा हीच आधी यायला पाहिजे होती.

शेपटीवरचं नाझी चिन्ह या शीटमध्ये दोन अर्ध्या तुकड्यांत येतं, जोडायचं आपण. आई बाजूला बसून शेंगा सोलत होती, तिनं विचारलं, "स्वस्तिक असं तिरकं का काढलंय रे?" दारातल्या रांगोळीतलं स्वस्तिक आणि हे, यातला फरक तिला सांगायला अर्धा तास लागला. मग दुसऱ्या दिवशी तिला महावीर गार्डनमध्ये घेऊन गेलो, पोलंडच्या लोकांचं स्मारक दाखवायला. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडवर चालून गेला, दोन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूनं रशिया, आणि सैबेरियाकडं हाकलून दिलेल्या त्या लोकांतले जवळजवळ ५,००० जण फिरत फिरत आपल्या वळिवड्याला येऊन राहिले, १९४३ ते १९४८. आई म्हणाली, म्हणजे हे सगळं आपल्या दारापर्यंत आलं होतं की. मग मी ते चिन्ह लावलं. ते पुसून विमान दाखवणं मला खोटं वाटलं असतं.

उभी शेपटी मी मुद्दाम सगळ्यात शेवटी चिकटवली. हा बोटाच्या पेराएवढा पातळ तुकडा. सुट्टीवरून मार्सेय ऑगस्टच्या शेवटी परतला, सप्टेंबरात ५४ दावे केले, आणि ३० सप्टेंबर १९४२ ला बीएफ १०९ च्याच नव्या जी-२ प्रकारच्या विमानातून परतताना इंजिनचा धूर कॉकपिटात भरला. डोळ्यांना काही दिसेना, सोबती रेडिओवरून दिशा सांगत होते, आपल्या हद्दीत येईपर्यंत त्यानं दम धरला. मग विमान उलटं करून उडी मारली, तोवर विमान वेगात खाली झुकलेलं, आणि याच शेपटीचा तडाखा छातीला बसला. पॅराशूट उघडलंच नाही. एल अलामीनजवळ, सिदी अब्देल रहमानच्या दक्षिणेला ७ किमीवर तो पडला. शत्रूच्या गोळीनं नाही.

किट घ्यायचं असेल तर घ्या, पण डिकल शीटचा ताजा फोटो मागूनच पैसे भरा, आणि शक्य झालं तर डिकल वेगळी विकत मिळतात ती आधी मागवून ठेवा. विमानाला पाचपैकी साडेचार, डिकलला एक, पत्रकाला शून्य. मी आता जी-२ शोधतोय, कुणाकडं असेल तर सांगा.