कामगार संघटना की प्रकल्पग्रस्त समिती?

नवी मुंबईतल्या घणसोलीचा एक तरुण महापेच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. हाती असलेला थोडा वेळ कामगार संघटनेला द्यावा की गावच्या प्रकल्पग्रस्त समितीला, असा त्याचा प्रश्न आहे.

वर्गणी दोन्हीकडे किरकोळच असते, मात्र नोकरी जाण्याची जोखीम संघटनेत अधिक. संघटना त्याला कामगार म्हणून ओळखते, त्यामुळे शेजारच्या यंत्रावरचा बिहारी किंवा मराठवाड्यातला माणूसही तिच्यात सामावतो. समितीत येण्यासाठी सातबारावर आजोबांचे नाव असावे लागते.

टिकाऊपणात समिती सरस आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ सिडको स्थापन झाले, शेतजमिनी गेल्या, या जमिनींसाठीच्या १९८४ च्या जासई आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला आणि पुढे संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतके विकसित भूखंड मोबदल्यात देण्याची योजना आली. शेती संपली तरी ‘भूमिपुत्र’ ही ओळख टिकली, कारण भूखंडाचा हिशेब त्याच नात्यावर चालतो. उलट कंत्राटदार बदलला की गेटपास बदलतो आणि संघटनेतले स्थानही डळमळते. कंत्राटी पद्धतीचा हा राजकीय परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

पगार, भविष्य निर्वाह निधी किंवा कायम होण्याचा प्रश्न असेल, तर जोखीम पत्करूनही संघटनाच धरावी. गावठाणातले घर नियमित करणे किंवा भूखंड हा प्रश्न असेल, तर समिती. भाड्याने राहणाऱ्या सहकाऱ्याला मात्र तिचा उपयोग नाही.